अण्णांचा संसार

सार्वजनिक कार्यकर्त्यांच्या चरित्रांत त्यांच्या घराला बहुधा दोनच ठिकाणी जागा मिळते; एक आरंभीच्या कुलवृत्तान्तात आणि दुसरी अखेरच्या आजारपणात. मधल्या तीस-चाळीस वर्षांत चूल कशी पेटत होती, वाण्याची उधारी कोणी भागवली, गृहस्थ वर्गणीच्या दौऱ्यावर असताना मुलांच्या पडशा-खोकल्याकडे कोणी पाहिले, याचा दाखला चरित्रकाराच्या दप्तरात सहसा आढळत नाही. धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांचे घर या शिरस्त्याला मोठा अपवाद आहे. अण्णांनी स्वतः १९१५ साली ‘आत्मवृत्त’ लिहिले. मेहुणी पार्वतीबाई आठवले यांनी ‘माझी कहाणी’ लिहिली. पत्नी आनंदीबाई, म्हणजे घरच्यादारच्या सर्वांच्या बाया, यांनी ‘माझे पुराण’ सांगितले आणि ते एका सुनेने, कावेरीबाईंनी, संपादून छापविले. दुसऱ्या सुनेने, इरावतीबाईंनी, सासऱ्यांवर जे लिहिले ते भक्तिभावाने लिहिलेच, पण डोळे उघडे ठेवून लिहिले. एकाच माणसाविषयी त्याच्याच छपराखाली राहिलेल्या इतक्या जणांनी साक्ष नोंदवून ठेवावी आणि त्यांतील एकीनेही दुसरीची री ओढू नये, हा योग आपल्याकडे दुर्मीळ. या साक्षी एकत्र वाचल्या म्हणजे महर्षी या पदवीमागे झाकलेला एक कुटुंबप्रमुख दिसू लागतो. त्याने संसार केला, परंतु त्या संसाराची आणि संस्थेची खाती आयुष्यभर एकाच वहीत मांडली. आणि शिल्लक कधी राहिलीच, तर ती नेहमी संस्थेच्या बाजूला ओढली.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी शेरवली या आजोळच्या गावी झाला आणि बालपण दापोलीजवळच्या मुरूडला गेले. कोकणातील मध्यम ब्राह्मण घरांची त्या काळी जी स्थिती होती तीच या घराचीही होती. कुलाचा अभिमान भरपूर आणि पैसा बेताचा. गावातले सोमण मास्तर हे या मुलाचे पहिले आणि खरे गुरू. शाळेबाहेरही गावाचे आपण काही देणे लागतो ही कल्पना त्यांनी त्याच्या मनात रुजवली. गावच्या मंडळींना संध्याकाळी देवळात वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम या लाजाळू मुलाकडे आले ते त्यांच्याच प्रेरणेने. चारचौघांत बोलण्याचा ज्याला जन्मभर संकोच वाटत राहिला, त्याचा लोकसेवेतील पहिला धडा असा मोठ्याने वाचण्याचा होता.

१८७५ साली सरकारी नोकरीसाठी आवश्यक असलेली परीक्षा देण्याकरिता धोंडू आणि त्याचे सोबती साताऱ्यास निघाले. पावसाळ्यामुळे समुद्रमार्ग बंद. तेव्हा कुंभार्लीच्या घाटाने, ओढे-नाले उतरत, भिजत-वाळत, शंभराहून अधिक मैलांची वाट त्यांनी पायी तुडविली. साताऱ्यास पोहोचल्यावर परीक्षा समितीपुढे उभे राहिले तो काय, सतरा वर्षांचा हा उमेदवार अंगापिंडाने इतका किरकोळ की, त्याचे वय पुरे झाले आहे हे कोणाला पटेना. अर्ज नामंजूर झाला आणि आल्या वाटेने परत जावे लागले. पुढील चरित्रकारांनी या प्रसंगाचा उपयोग निर्धाराचे उदाहरण म्हणून इतका केला आहे की, त्यातील साधी गोष्ट निसटून जाते. त्या मुलाने कोणाशी वाद घातला नाही, गाऱ्हाणे केले नाही. तो घरी आला आणि पुढल्या संधीच्या तयारीस लागला. नकार ऐकून घ्यावा, मनाला लावून घेऊ नये आणि पुन्हा त्याच दारात उभे राहावे, ही जी हातोटी पुढे वर्गणी मागण्याच्या कामी त्यांस उपयोगी पडली, ती त्यांच्या अंगच्या स्वभावातच होती. मागणे हा त्यांच्या आयुष्याचा निम्मा व्यवसाय ठरावयाचा होता.

मुंबईस रॉबर्ट मनी शाळेतून १८८१ साली ते मॅट्रिक झाले आणि १८८४ साली गणित घेऊन बी. ए. झाले, तेव्हा त्यांचे वय सव्वीस होते. उशिरा शिकलेल्या माणसाला शिक्षणाची किंमत काकणभर अधिकच कळते. शिकवण्या करून पोट भरता भरता त्यांनी मुंबईच्या त्या लहानशा बिऱ्हाडात कोकणातून आलेली आणखी मुलेही सांभाळली. त्यांपैकी मुर्डीचा रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे, हा नात्यातलाच, पुढे केंब्रिजला सीनियर रँग्लर झाला आणि फर्ग्युसन कॉलेजचा प्रिन्सिपॉल होऊन आला. तेव्हा ज्याला आपण मुंबईत हाताशी धरून शिकविले, त्याच्याच हाताखाली गणिताचे तास घेण्याची वेळ अण्णांवर आली. त्यांत त्यांना काही वावगे वाटल्याचे कोठे दिसत नाही. मानापमानाचा हिशेब मांडायला त्यांच्या वहीत रकानाच नव्हता.

या बिऱ्हाडाची गृहिणी राधाबाई. बालपणीच लग्न होऊन आलेली ही बाई नवऱ्याच्या धडपडीत सामील झाली, त्याने शिकविले तेवढे शिकली, आणि १८९१ साली, रघुनाथ नावाचा नऊ वर्षांचा मुलगा मागे ठेवून, वारली. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांचे बोलावणे आले. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्याने फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी झाली होती. आजीव सभासदाचे दरमहा पंचाहत्तर रुपये वेतन घेऊन अण्णा पुण्यास आले आणि पुढे १९१४ पर्यंत त्या कॉलेजात राहिले. शिकविण्यात ते फार रसाळ होते असे कोणी म्हणत नाही. चोख होते, असे सर्व म्हणतात.

तेहतीस वर्षांच्या, कमावत्या आणि विद्वान विधुराला दुसरी मुलगी मिळण्यास त्या काळी आठवडाही लागला नसता. दहा-बारा वर्षांच्या कुमारिकांचे बाप पत्रिका घेऊन दारात उभे राहण्याचा तो काळ. अण्णांनी मात्र, लग्न केलेच तर विधवेशी करीन, असे ठरवून टाकले. मुंबईच्या दिवसांतील त्यांचे स्नेही आणि सहनिवासी नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झाली होती. देवरूखकडच्या त्या घरातून भावाने तिला मुंबईस आणले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंनी शारदा सदन काढले तेव्हा तेथे घातले. सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनींत तिची गणना होते. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या.

मुरूडची प्रतिक्रिया जशी व्हावयाची तशीच झाली. गावाने बैठक भरवून बहिष्कार पुकारला; आपल्याच गावी, आपल्याच आईच्या दारी, या जोडप्याला घराबाहेर वेगळे उतरावे लागले, कारण घरात घेतले असते तर थोरल्या भावासह सारे कुटुंब वाळीत पडले असते. पूर्वी जेथे वर्तमानपत्र वाचून दाखविले, जेथल्या उपयोगासाठी पुण्या-मुंबईतील मुरूडकरांकडून निधी गोळा केला, तेच हे गाव. अण्णांच्या ‘आत्मवृत्ता’त या प्रकरणाची नोंद आहे, तक्रारीचा सूर मात्र नाही. ज्यांनी दार लावले त्यांच्याविषयी लिहिताना त्यांची लेखणी विशेष सौम्य होते. हा संयम वाचताना आदर वाटतो हे खरे. पण बाहेर उतरलेल्या त्या खोपट्यात नव्या नवरीच्या मनात काय चालले असेल, हा प्रश्न त्या पुस्तकाला फारसा पडत नाही, हेही तितकेच खरे.

पुनर्विवाहाच्या प्रचारासाठी अण्णांनी त्याच वर्षाअखेर एक मंडळी स्थापन केली आणि काही काळ तिचा कारभारही पाहिला. मग त्यांनी दिशा बदलली. ती का बदलली हे नीट समजावून घेतल्याशिवाय त्यांच्या पुढील पन्नास वर्षांचा उलगडा होत नाही. १८९३ च्या उन्हाळ्यानंतर शारदा सदनावर धर्मांतराच्या आरोपाचे वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला, आणि पालकांनी आपापल्या मुली काढून नेल्या. विधवेला शिकविणे हे काम आधीच संशयास्पद. त्यावर हा धक्का बसल्यानंतर जी नवी संस्था निघावयाची ती लोकांच्या विश्वासावरच उभी राहू शकली असती. अण्णांच्या ध्यानात आले की, पुनर्विवाह झाला तर एका स्त्रीचा संसार उभा राहतो. शिक्षण मिळाले तर ती आपल्या पायांवर उभी राहते आणि लग्न करावे की नाही हे तिचे तिला ठरविता येते. परंतु ज्या संस्थेचा चालक पुनर्विवाहाचा पुरस्कर्ता, त्या संस्थेत आपली केशवपन केलेली, आलवण नेसलेली लेक कोणता बाप पाठवील? तेव्हा १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली, आणि काही वर्षांत अण्णा पुनर्विवाहाच्या चळवळीतून बाजूस झाले. कडव्या सुधारकांनी यावर त्यांना भित्रेपणाचा दोष दिला. तो दोष मला पटत नाही. पण या निर्णयाची किंमत कोणी भरली, हे पाहण्यासारखे आहे.

ती किंमत भरली बायांनी. पुनर्विवाहित बाईचा आश्रमात वावर दिसला की मुलींचे पालक बिथरतील, म्हणून संस्थापकाच्या पत्नीला संस्थेच्या कारभारात स्थान उरले नाही. आणि तिची धाकटी बहीण पार्वतीबाई, जी विधवाच राहिली होती, केशवपन केलेली होती, ती मात्र त्याच कारणाने आश्रमाचा आधारस्तंभ होऊ शकली. एका आईच्या पोटच्या दोन लेकी. दोघींनाही वैधव्य आले. एकीने रूढी मोडली म्हणून ती उंबऱ्याबाहेर, दुसरीने पाळली म्हणून ती गादीवर. पार्वतीबाईंच्या कर्तृत्वाला यामुळे बाध येत नाही. विशी उलटल्यावर अण्णांच्या घरी राहून अक्षरे गिरविणारी ही बाई पुढे गावोगाव हिंडून व्याख्याने देऊ लागली, आपल्या इच्छेने तिने केस वाढविले, आणि १९१८ साली, तोडकेमोडके इंग्रजी घेऊन, अमेरिकेस गेली. तेथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिली आणि आश्रमासाठी निधी जमवून परतली. तिचे चरित्र हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पण बायांच्या पुस्तकात जो एक सल पानोपानी जाणवतो, त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे.

दुसरा सल पैशाचा. आश्रम काढताना अण्णांनी साठविलेली रक्कम त्यात घातलीच, शिवाय पाच हजारांची विम्याची पॉलिसीही संस्थेच्या नावे करून दिली. पुण्यातल्या मध्यमवर्गीय प्राध्यापकाजवळ याखेरीज मुलाबाळांच्या नावाने काही नव्हते. बाया यावर रडल्या, भांडल्या. आणि भांडून उपयोग नाही असे दिसताच, नागपुरास जाऊन सुईणीचे शिक्षण घेऊन आल्या. नवऱ्याच्या मागे आपले काय होईल या चिंतेवर त्या बाईने शोधलेला हा उपाय. तिच्या बुद्धीला आणि बाणेदारपणाला शोभणारा. अण्णांना स्त्रीने स्वावलंबी व्हावे असे वाटत होते. त्यांच्या घरातील स्त्री तशी झाली, पण त्यांच्या योजनेमुळे झाली असे म्हणण्यास मन धजत नाही. पुढे मात्र याच बायांनी आश्रमासाठी स्वतः झोळी धरली. लग्नाकार्यात, सणावारी, जत्रेत, जेथे चार माणसे जमतील तेथे जाऊन वर्गणी मागितली. ज्या संस्थेने त्यांना बाहेर ठेवले, तिच्यासाठी! हा विरोधाभास त्यांनी स्वतःही ओळखला होता, आणि त्याबद्दल फटकळपणे लिहिण्यास त्या कचरल्या नाहीत.

प्लेगच्या दिवसांत शहरात आश्रम ठेवणे अशक्य झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी पुण्यापासून चार मैलांवरील हिंगण्याच्या माळावर आपली सहा एकर जमीन दिली आणि इमारतीसाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० साली तेथे पहिली झोपडी उभी राहिली. तिला सुमारे पाचशे रुपये लागले. त्या काळचा हिंगण्याचा रस्ता म्हणजे शेतांच्या बांधांवरून आणि ओढ्यांतून जाणारी पायवाट. पावसाळ्यात काळ्या चिखलात पाय घोट्यापर्यंत रुतावा आणि उन्हाळ्यात काटे मोडावेत, अशी. दिवसा फर्ग्युसनमध्ये गणिताचे तास घ्यावयाचे. तास संपले की आश्रमाला लागणारे किराणा-भाजीचे ओझे उचलून हिंगण्याची वाट धरावयाची. तेथे कंदिलाच्या उजेडात मुलींना शिकवावयाचे, जमाखर्च पाहावयाचा, कोण आजारी आहे, कोणाच्या घरून पत्र आले आहे याची विचारपूस करावयाची. आणि पहाटे उठून पुन्हा पुण्यास कॉलेजात हजर व्हावयाचे, हा क्रम महिनोन्महिने चालला. तांबड्या लुगड्यातील, डोईवरून पदर घट्ट ओढून घेतलेल्या, परक्या पुरुषापुढे मान वर न करणाऱ्या त्या मुलींना हा ओझे वाहून आणणारा प्रोफेसर पाहून काय वाटले असेल? त्यांतील अनेकींना बापाचे छत्र म्हणून तोच ठाऊक झाला. त्यांच्या बाळपणी ज्यांनी त्यांचे भवितव्य ठरविले, त्यांपैकी एकानेही त्यांच्यासाठी भाजीची पिशवी उचलली नव्हती.

आणि या वेळी घरी बाया मुलांना घेऊन एकट्या होत्या. रघुनाथाच्या मागून शंकर, दिनकर, भास्कर असे तीन मुलगे झाले. त्यांच्या लहानपणातील बाप हा बहुतांशी दारात काढलेल्या चपलांवरून ओळखावयाचा, कारण तो आला तरी थकून आलेला असे आणि बोलत तर मुळीच नसे. अण्णांना राग येत नसे अशी त्यांची ख्याती. घरच्यांना मात्र कधी कधी वाटे की, ते रागावले असते तर बरे झाले असते. निर्धाराने बधिर झालेल्या सौम्य माणसाशी भांडण करता येत नाही, आणि जेथे भांडण होत नाही तेथे संसारी बाईला आपले म्हणणे मांडायला जागाच उरत नाही. त्यांचा मोठेपणा या अंगाने पाहिला की तो थोडा असह्य वाटतो, हे कबूल करण्यात त्यांचा अवमान नाही.

मुले मात्र बापापासून काही शिकली नाहीत असे नाही. उलट प्रत्येकाने त्या हट्टीपणाचा एकेक तुकडा उचलला. रघुनाथ १८९९ साली मॅट्रिकला पहिला आला, गणिताचा प्राध्यापक झाला, आणि संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईतील आपली प्राध्यापकी गमावून बसला. १९२१ साली त्याने केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्याच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाले, त्यांपैकी एका खटल्यात डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. वडिलांची पद्धत लोकांना न दुखविता पुढे सरकण्याची. मुलाने लोकांच्या दुखण्यावर थेट बोट ठेवले. बापाचे काम समाजाने चाळीस वर्षांत मान्य केले, मुलाचे काम त्याच्या हयातीत मान्य झाले नाही; आणि तरीही स्त्रीच्या शरीरावर तिची सत्ता असावी ही मुलाची भूमिका बापाच्या शिक्षणविषयक भूमिकेचेच पुढचे पाऊल होते, हे आज मान्य करण्यास हरकत नसावी. शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेला. भास्कर आणि कावेरीबाई यांनी हिंगण्याची संस्थाच आपली मानली. दिनकर रसायनशास्त्र शिकवू लागले आणि १९२६ साली त्यांनी इरावती करमरकर हिच्याशी लग्न केले. १९२८ साली तिने उच्च शिक्षणासाठी जर्मनीस जाण्याचे ठरविले, तेव्हा स्त्रियांसाठी विद्यापीठ काढणाऱ्या सासऱ्यांचीच त्या बेताला अनुमती नव्हती! दिनकरांनी ती बाब आपल्या अखत्यारीत घेतली, सून बर्लिनला गेली, डॉक्टरेट घेऊन आली आणि मानववंशशास्त्रात तिने जे नाव मिळविले ते सर्वश्रुत आहे. तिच्या मनात त्यामुळे अढी राहिली असे तिच्या लेखनावरून दिसत नाही. परंतु सासऱ्याचा पुतळा करण्याचा मोह तिने कटाक्षाने टाळला.

विद्यापीठाची कथा वेगाने सांगावी लागेल, कारण ती अनेकदा सांगून झाली आहे. १९०७ साली पुण्यात महिला विद्यालय निघाले. १९०८ साली निष्काम कर्म मठ, म्हणजे आजन्म सेवेची शपथ घेणाऱ्यांचा एक संघ, स्थापन झाला. टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णांच्या हाती पडली होती. त्यांनी ती वाचून बाजूला ठेवली. १९१५ साली मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, तेव्हा त्या पुस्तिकेचे त्यांना स्मरण झाले आणि अध्यक्षीय भाषणात त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची योजना मांडली. मातृभाषा हे माध्यम. इंग्रजी शिकावयाची, पण भाषा म्हणून. ही गोष्ट त्या वेळच्या विद्वानांना भलतीच मागासलेली वाटली, आणि वेगळा अभ्यासक्रम म्हणजे कमी दर्जाचा अभ्यासक्रम, अशी शंकाही पुष्कळांनी घेतली. ती शंका अगदीच निराधार होती असे मला वाटत नाही. १९१६ साली पुण्यात कॉलेज उघडले तेव्हा विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी मातोश्रींच्या स्मरणार्थ पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. १९३६ मध्ये कचेरी मुंबईस गेली. १९५१ साली कायद्याने मान्यता मिळाली. ज्याने वर्षानुवर्षे आण्या-आण्याची पावती फाडली, त्याच्या हाती एकाएकी लाखांची रक्कम आली. पण अण्णांच्या राहणीत फरक पडला नाही आणि बायांच्या तक्रारीतही पडला नाही.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते विलायतेस निघाले. लंडन, जिनीव्हा, डेन्मार्क, बर्लिन, अमेरिका, जपान, असा हा प्रवास. बर्लिनला आइन्स्टाइनची भेट झाली. धोतर, कोट आणि पगडी घातलेला हा कोकणस्थ म्हातारा परिषदांतून हिंगण्याची आणि विद्यापीठाची हकीकत सांगत हिंडला. परत येऊन दम घेतो न घेतो तोच, १९३० च्या अखेरीस, आफ्रिकेस गेला आणि पंधरा महिने वर्गणी मागत फिरला. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यांतील शिक्षणाचा प्रश्न त्याला सतावू लागला. ज्या गावी सरकारी शाळा नाही तेथे शाळा काढण्यासाठी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ निघाले, आणि पुण्याच्या पेठांतून हा पेन्शनर वर्गणीची वही काखेत मारून पुन्हा जिने चढू लागला. ज्या वयात माणूस नातवंडांच्या हातून पाण्याचा तांब्या मागवितो, त्या वयात हा दुसऱ्यांच्या नातवंडांसाठी शाळा मागत होता. त्यांच्याच घरची नातवंडे आजोबा केव्हा घरी असतात ते एकमेकांना विचारत. आपली नातवंडे त्यांना आवडत नव्हती असे नाही; इतर मुलांहून ती वेगळी मोजावीत हे मात्र त्यांना सुचत नसे.

येथे एक अप्रिय गोष्टही नोंदविली पाहिजे. हिंगण्याचा आश्रम प्रथमपासून वरिष्ठ जातींतील विधवांचा होता. त्या वर्गातील विधवेची स्थिती विशेष दारुण होती, केशवपनाची आणि पुनर्विवाहबंदीची रूढी त्यांच्यातच कडक होती, हे समर्थन खरे आहे. पण ज्या पुण्यात जोतीराव फुल्यांनी अर्धशतकापूर्वीच शाळा काढल्या, त्या पुण्यात हे कुंपण डोळ्यांत भरते. लोकविश्वास राखण्यासाठी जे जे सोडावे लागले, त्यात हेही एक होते. अण्णांना याची जाणीव उशिरा झाली असे त्यांच्या वार्धक्यातील धडपडीवरून म्हणता येते, आणि त्यांची जाणीव नुसत्या खेदावर थांबणारी नव्हती; ती नेहमीप्रमाणे संस्थेच्या रूपानेच प्रकट व्हावयाची.

सन्मान यावयाचे ते भरभरून आले. बनारस, पुणे, मुंबई या विद्यापीठांनी पदव्या दिल्या. १९५५ साली पद्मविभूषण, आणि शंभर वर्षे पुरी झाली त्या १९५८ साली भारतरत्न. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर शताब्दीचा समारंभ झाला, पंडित नेहरू आले, मोठा समुदाय लोटला. बाया तो दिवस पाहण्यास नव्हत्या. १९५० सालीच त्या गेल्या, आणि रघुनाथही १९५३ मध्ये वडिलांच्या आधी गेला. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, एकशे चार वर्षे पुरी केलेल्या अण्णांनी पुण्यास देह ठेवला. बहिष्कार घालणाऱ्या मुरूडच्या त्या पिढीतले कोणी उरले नव्हते आणि आलवणातली मुलगी रस्त्यात दिसेनाशी झाली होती. हिंगण्याची पायवाट आता पक्की सडक झाली होती.

पण त्यांच्या संसाराचा खरा ताळेबंद मला १९४४ या एका वर्षात दिसतो. त्या वर्षी ‘माझे पुराण’ छापून बाहेर पडले. पन्नास वर्षे मनात साठविलेले सारे त्या म्हाताऱ्या बाईने त्यात सांगून टाकले: खोपटे, विमा, झोळी, आश्रमाच्या उंबऱ्यावरील अडवणूक, नवऱ्याचे न बोलणे, आणि त्याच दमात, असा नवरा मिळाला याचा अभिमानही. ज्या घरात ते पुस्तक तयार झाले, त्याच घरात, त्याच वर्षी, शहाऐंशी वर्षांच्या अण्णांनी जातिभेद मोडण्याच्या उद्देशाने समता संघ स्थापन केला, ‘मानवी समता’ नावाचे पत्र सुरू केले, आणि त्याच्या वर्गणीदारांची यादी करण्यास बसले.